नावावरची फुली
(सामुदायिक रेडिओवरील भाषण)

रेडिओ लावून भाकरी थापत असलेल्या, शेतातून नुकत्याच घरी आलेल्या, शिलाई मशीनवर पाय चालवता चालवता ऐकणाऱ्या सगळ्याजणींना माझा नमस्कार. एरवी या कार्यक्रमात मी कर्जाचे हप्ते, बँकेची कागदपत्रं, लोणच्याचं पॅकिंग असल्या विषयांवर बोलते. आज मात्र मी एका शब्दावर बोलणार आहे. शब्द लहानसा आहे, पण त्यानं आमचा एक चांगला चाललेला गट मोडकळीला आणला होता.

डिसेंबर लागला की हा शब्द दुकानांच्या काचांवर, बेकरीच्या खोक्यांवर, मोबाइलवर आलेल्या चित्रांवर दिसायला लागतो. तो इंग्रजीत लिहिलेला असतो. आधी एक मोठी फुली आणि तिच्यापुढे 'मस'. आपण तो 'एक्समस' असा वाचतो. म्हणजे क्रिसमस, आपला नाताळ. क्रिसमस लिहायला जागा पुरली नाही की एक्समस लिहितात, इतकंच मला ठाऊक होतं. ते का लिहितात आणि ती फुली तिथे आली कुठून, हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. बी.ए.ला माझा विषय इतिहास होता, तरी पडला नव्हता.

झालं असं. मागच्या वर्षी आमच्या गटाला नाताळच्या फराळाची ऑर्डर मिळाली. दीडशे डबे. करंजी, चकली, शेव आणि रव्याचे लाडू. आमच्या नगर जिल्ह्यात ख्रिस्ती कुटुंबं पुष्कळ आहेत आणि त्यांच्या घरी नाताळाला असाच फराळ होतो. गटात आमच्या एक मावशी आहेत. साठीच्या पुढच्या, ख्रिस्ती, आणि करंजीला त्यांच्या हातासारखा हात पंचक्रोशीत नाही. गट सुरू झाला त्या दिवसापासून त्या आहेत. अकरा वर्षांत एकही बैठक त्यांनी चुकवलेली नव्हती. ही ऑर्डरही त्यांच्याच ओळखीतून आली होती.

डब्यांवर लावायची लेबलं छापून आणायचं काम माझं. प्रेसवाल्यानं मजकूर लावून पाहिला आणि म्हणाला, मॅडम, एवढं लांब नाव बसत नाही, एक्समस टाकू का? मी म्हटलं, टाका. ना गटाला विचारलं, ना मावशींना. लेबलं सुंदर आली. लाल रंगावर सोनेरी अक्षरं, मधोमध मोठी फुली. मी मोठ्या हौसेनं ती सगळ्यांपुढे ठेवली.

मावशींनी एक लेबल हातात घेतलं, उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, "ताई, आमच्या प्रभूच्या नावावर फुली मारली का तुम्ही?"

मी हसून सांगितलं, तसं नाही हो, हे छोटं रूप आहे. मग त्यांच्या सुनेनं मोबाइलवर आलेला एक संदेश दाखवला. त्यात लिहिलं होतं की एक्समस म्हणजे ख्रिस्ताचं नाव खोडून त्या जागी फुली मारलेली आहे, सणातून देवालाच बाहेर काढण्यासाठी हे केलेलं आहे, कुणीही हा शब्द वापरू नये. यावर मला उत्तर सुचलं नाही. कारण खरंखोटं मलाच ठाऊक नव्हतं. गटातली एक म्हणाली, एवढं काय मनाला लावून घ्यायचं त्यात. दुसरी म्हणाली, आणि आपल्या गणपतीच्या नावावर कुणी अशी फुली मारली असती तर? मावशी काही बोलल्या नाहीत. त्यांनी राहिलेलं सारण झाकून ठेवलं, हात धुतले आणि घरी गेल्या.

पुढच्या बैठकीला त्या आल्या नाहीत. मी हजेरीपट उघडला, नावं वाचली आणि सवयीनं त्यांच्या नावापुढे फुली मारली. अकरा वर्षांतली पहिली. मारली आणि माझाच हात थांबला. त्यांना त्या लेबलावर काय दिसलं असेल, ते मला तेव्हा कळलं.

बघा ना, आपल्याकडे फुलीचे अर्थ तरी किती. हजेरीत फुली म्हणजे माणूस नाही. वहीत गणितावर फुली म्हणजे उत्तर चूक. विजेच्या खांबावर हाडांची फुली आणि कवटी असली की हात लावायचा नाही. ग्रामपंचायतीच्या मतपत्रिकेवर मात्र आपण फुलीचा शिक्का मारायचो तेव्हा तो होकार असायचा. पोरं फुलीगोळा खेळतात तेव्हा तो नुसता खेळ असतो. घड्याळात रोमन आकडे असले तर फुली म्हणजे दहा. खूण एकच, पण तिचा अर्थ ती कुठे उभी आहे त्यावर ठरतो. मग नाताळाच्या नावात ती काय म्हणून उभी आहे, हे शोधून काढायचं मी ठरवलं. तालुक्याच्या वाचनालयात गेले, जुने कोश चाळले. आणि मावशींच्याच चर्चमधल्या फादरांना भेटले. त्यांनी धर्मशिक्षण घेताना ग्रीक भाषा शिकलेली होती. त्यांनी कागद घेतला आणि त्यावर एक फुली काढली. म्हणाले, "ही फुली नाही. हे अक्षर आहे."

मैत्रिणींनो, या सगळ्याची किल्ली या एका वाक्यात आहे. येशू ख्रिस्ताच्या चरित्राची आणि शिकवणीची जी पुस्तकं, ज्यांना नवा करार म्हणतात, ती ग्रीक भाषेत लिहिली गेली. येशू आपल्या माणसांत अरामी भाषा बोलत असे, पण त्या काळी भूमध्य समुद्राच्या पूर्वेकडच्या सगळ्या मुलखात व्यवहाराची भाषा ग्रीक होती. 'ख्रिस्तोस' हा शब्द ग्रीकच आहे आणि त्याचं पहिलं अक्षर फुलीसारखं दिसतं. त्याचा उच्चार 'एक्स' नाही. जुन्या ग्रीकमध्ये त्याचा उच्चार होता 'ख'. आपल्या खडूतला, खुर्चीतला ख. तोंडापुढे हात धरून ख म्हणून पाहा, हातावर हवा लागते. तसाच.

आता या शब्दाचं दुसरं अक्षर. ते दिसतं इंग्रजी 'पी'सारखं, पण त्याचा उच्चार आहे 'र'. म्हणजे फुली आणि पी शेजारी शेजारी लिहिले तर इंग्रजी शिकलेला माणूस वाचेल 'एक्स पी' आणि ग्रीक जाणणारा वाचेल 'ख्र'. आपण ख्रिस्त लिहिताना सुरुवातीला जे जोडाक्षर काढतो तेच. मला याची मोठी गंमत वाटली. ग्रीकमधला ख लॅटिनमधून इंग्रजीत जाता जाता क झाला आणि क्रिसमस, क्रिश्चन असे शब्द तयार झाले. आपल्या मराठी 'ख्रिस्त'मध्ये मात्र तो ख शाबूत आहे.

एकाच आकाराचं अक्षर दोन भाषांत वेगळं कसं, असं कुणी विचारेल. गुजराती पाटीवरचा पाचचा आकडा पाहिलाय? आपल्याला तो 'प' वाटतो. तसंच हे. ग्रीकांच्याच काही पश्चिमेकडच्या लिप्यांत ही फुली 'क्स' या उच्चारासाठी वापरत असत. रोमन लोकांनी तिकडून ती उचलली आणि त्यांच्याकडून ती इंग्रजीत आली. म्हणून एकाच्या घरी ती ख झाली आणि दुसऱ्याच्या घरी एक्स.

ख्रिस्त हे काही येशूचं आडनाव नाही, हेही मला तेव्हाच कळलं. तो किताब आहे. त्याचा अर्थ 'अभिषिक्त', म्हणजे ज्याला तेलाचा अभिषेक झाला आहे असा. यहुदी लोकांत राजाला आणि याजकाला तेल लावून त्याच्या पदावर बसवत. अशा अभिषिक्ताला हिब्रू भाषेत 'माशिआख' म्हणत. त्यावरूनच मसीहा हा शब्द आला. माशिआख या शब्दाचं ग्रीक भाषांतर म्हणजे ख्रिस्तोस. तेव्हा मावशींना ज्या फुलीनं देवाचं नाव खोडल्यासारखं वाटलं, ती फुली म्हणजे त्या नावाचं पहिलंच अक्षर निघालं.

पण नुसतं पहिलं अक्षर लिहून थांबायचं, ही पद्धत कधीची? तर फार जुनी. दुसऱ्या-तिसऱ्या शतकापासूनच्या ख्रिस्ती हस्तलिखितांत काही ठरावीक पवित्र शब्द आखूड करून लिहिलेले सापडतात. देव, प्रभू, येशू आणि ख्रिस्त हे त्यांतले मुख्य चार. शब्दाचं पहिलं आणि शेवटचं अक्षर घ्यायचं आणि त्यांच्यावर एक आडवी रेघ ओढायची. चौथ्या शतकातलं सायनाय पर्वतावरच्या मठात सापडलेलं बायबलचं प्रसिद्ध हस्तलिखित आहे, त्यातही हे शब्द असेच लिहिलेले आहेत. हे जागा वाचवायला केलं म्हणावं, तर त्या पानांना भरपूर समास सोडलेला असतो. शिवाय साधे शब्द पूर्ण लिहायचे आणि देवाचं नाव तेवढं आखूड करायचं, यातून जागा ती किती वाचणार? अभ्यासकांचं म्हणणं असं की ही आदराची खूण होती. वाचणाऱ्याचा डोळा त्या रेघेशी थबकावा, हा शब्द इतरांसारखा नाही हे त्याला कळावं, यासाठी.

पुढे ३१२ साली रोमजवळच्या मिल्वियन पुलापाशी कॉन्स्टंटाइन राजानं मोठी लढाई जिंकली. लढाईच्या आधी त्याला ख्रिस्ताच्या चिन्हाचा दृष्टान्त झाला, असं त्या काळच्या लेखकांनी लिहून ठेवलं आहे. त्यानंतर 'ख' आणि 'र' ही दोन अक्षरं एकमेकांत गुंफलेलं चिन्ह रोमच्या निशाणांवर आणि नाण्यांवर दिसू लागलं. आजही पुष्कळ चर्चमध्ये, वेदीवरच्या कापडावर ते विणलेलं असतं. मावशींच्या चर्चमध्येही आहे. फादरांनी मला ते नेऊन दाखवलं. फुली आणि तिच्या मधून वर गेलेला उभा पी.

आणखी एक गोष्ट सांगते, मला ती सगळ्यांत आवडली. आयर्लंड देशाच्या डब्लिन शहरात ट्रिनिटी कॉलेज आहे. तिथे 'बुक ऑफ केल्स' नावाचा जुना ग्रंथ ठेवलेला आहे. साधारण ८०० सालच्या सुमाराचा, वासराच्या कातड्याच्या पानांवर हातानं लिहिलेला आणि रंगवलेला. त्यात मत्तयच्या शुभवर्तमानात येशूच्या जन्माची हकीकत जिथे सुरू होते, तिथे ख्रिस्त या शब्दासाठी एक अख्खं पान दिलेलं आहे. पानभर पसरलेली मोठी फुली, तिच्याशेजारी बाकीची अक्षरं, आणि त्यांच्या आत बारीक वेलबुट्टी, माणसांचे चेहरे, मांजरं, उंदीर. मी त्याचं चित्र पुस्तकात पाहिलं. पैठणीच्या पदरावर विणकर जसा जीव ओततो, तसा त्या लिहिणाऱ्यांनी त्या एका अक्षरावर ओतलेला आहे. नाव खोडणारा माणूस खोडायला एवढे कष्ट घेईल का?

आता इंग्लंडकडे येऊ, कारण एक्समस हा शब्द तिथला. ख्रिस्ताचा जन्मदिवस २५ डिसेंबरला पाळण्याची नोंद रोममध्ये चौथ्या शतकातली सापडते. इंग्रजीत या सणाला नाव पडलं 'ख्रिस्ताची मिस्सा'. आपल्याकडचे कॅथलिक लोक चर्चमधल्या उपासनेला आजही मिस्सा म्हणतात, तोच हा शब्द. क्रिसमसच्या शेवटी जो 'मस' आहे, तो ही मिस्सा. तिकडच्या मठांतले लेखनिक लॅटिन ग्रंथांच्या नकला करत. त्या ग्रंथांत ख्रिस्ताचं नाव जुन्या ग्रीक अक्षरांतच आखूड लिहिलेलं असे. तीच सवय त्यांनी आपल्या इंग्रजीत नेली. 'अँग्लो-सॅक्सन क्रॉनिकल' नावाची इंग्लंडची जुनी बखर आहे. तिच्या सुमारे नऊशे वर्षांपूर्वीच्या प्रतीत या सणाचं नाव फुली आणि पी या अक्षरांनी सुरू केलेलं आढळतं. पुढे पी गळाला आणि फुली तेवढी राहिली. सोळाव्या शतकापासून पत्रांतून अशी रूपं दिसतात आणि अठराव्या शतकात आजचं एक्समस तयार झालेलं दिसतं. लॉर्ड बायरन या मोठ्या कवीनं १८११ साली तो शब्द वापरला आहे. लहान मुलांसाठी 'अ‍ॅलिस'ची गोष्ट लिहिणारे लुईस कॅरोल हे तर चर्चचे दीक्षित सेवक होते, त्यांनीही १८६४ साली तो लिहिला आहे.

आणि हे फक्त सणाच्या बाबतीत नव्हतं. क्रिस्तोफर या नावाचा अर्थ ख्रिस्ताला वाहून नेणारा. अमेरिकेच्या किनाऱ्याला लागलेला क्रिस्तोफर कोलंबस आपली सही करताना नावातला ख्रिस्त असाच फुली आणि पीनं लिहीत असे. तो मोठा भाविक माणूस होता. स्वतःच्या सहीत तो देवाचं नाव खोडेल, हे शक्य नाही.

मग हा खोडण्याचा समज आला कुठून? मला वाटतं, शब्द राहिला आणि त्याची ओळख विसरली, म्हणून. ग्रीक शिकणारी माणसं कमी झाली. फुलीला मात्र नवे अर्थ चिकटत गेले. १६३७ साली देकार्त या फ्रेंच गणितज्ञानं आपल्या पुस्तकात माहीत नसलेल्या राशीसाठी हे अक्षर वापरलं. शाळेत आपण त्याला 'क्ष' म्हणतो. १८९५ साली राँटजेन या शास्त्रज्ञाला नवे किरण सापडले. ते काय आहेत हे कळेना, म्हणून त्यांनाही त्यानं हेच नाव दिलं, ते आपले क्ष-किरण. तेव्हा फुली म्हणजे अज्ञात, फुली म्हणजे रद्द, हेच लोकांच्या डोळ्यांपुढे राहिलं. त्यातच नाताळ हा बाजाराचा मोठा हंगाम झाला आणि एक्समस सवलतीच्या जाहिरातींवर जाऊन बसला. भाविक माणसाला तो शब्द खटकू लागला यात नवल नाही. अमेरिकेत न्यू हॅम्पशायर राज्याचे गव्हर्नर मेल्ड्रिम थॉमसन यांनी १९७७ साली पत्रकारांना कळवलं होतं की सणाच्या नावात ख्रिस्त राहू द्या, एक्समस लिहू नका. म्हणजे मावशींच्या सुनेच्या मोबाइलवर आला तो संदेश आजचा नाही. मोबाइल येण्याच्या आधीपासून तो फिरतो आहे.

हे सगळं वाचताना मला आपल्या घरच्या पत्रांची आठवण होत होती. माझे वडील आजोबांना पत्र लिहायचे तेव्हा मायना असायचा 'ती. बाबांना शि. सा. न.' तीर्थरूप बाबांना शिरसाष्टांग नमस्कार. आजोबांना कधी वाटलं नाही की पोरानं आपलं तीर्थरूपपण कापलं. लग्नपत्रिकेत माझ्या नावाआधी छापलं होतं 'चि. सौ. कां.' त्यावरून कुणी आईला विचारलं नाही की पोरीचं सौभाग्य अर्धवट का छापलं. गावात सप्ताह असतो, फलकावर कीर्तनकारांच्या नावाआधी 'ह. भ. प.' असतं. तिथे हरीचा 'ह' उरला म्हणून हरी गेला, असं म्हणणारा वारकरी मी पाहिलेला नाही. उलट जो शब्द सगळ्यांच्या ओळखीचा असतो आणि पुन्हा पुन्हा प्रेमानं लिहिला जातो, तोच आखूड होतो.

पण एक गोष्ट इथे प्रामाणिकपणे सांगायला हवी. ह. भ. प. चं पूर्ण रूप आपल्याला माहीत आहे, म्हणून ते आपल्याला बोचत नाही. थोर माणसांचं नाव आखूड घेतलं की आपल्याकडेही माणसं दुखावतात, पूर्ण नाव घ्या म्हणून आग्रह धरतात. त्यांची भावना खोटी नसते. ती खूण कशाची आहे हे माहीत नसलेल्या माणसाला फुली ही फुलीच दिसणार.

आता आपल्या शब्दाकडे वळू. आपण क्रिसमस म्हणत नव्हतोच. आपण म्हणतो नाताळ. हा शब्द पोर्तुगीजांकडून आला. त्यांच्या भाषेत 'नाताल' म्हणजे नाताळ, आणि त्याचं मूळ लॅटिनमध्ये, जन्माशी संबंधित असा त्याचा अर्थ. १४९७ साली वास्को द गामा हिंदुस्थानकडे येत असताना नाताळाच्या सुमारास आफ्रिकेच्या ज्या किनाऱ्यावरून गेला, त्या किनाऱ्याला त्यानं 'नाताल' हेच नाव दिलं. पुढे गांधीजी वकिली करायला गेले ते हेच नाताळ. पगार, चावी, बटाटा, घमेलं हे शब्दही त्यांच्याकडूनच आपल्या घरात आले. बचत गटाची बाई रोज जे शब्द तोंडात घेते, त्यांतले हे. नाताळही त्यांच्याच रांगेत येऊन बसला आणि मराठी झाला.

मराठीतून ख्रिस्ताची कथा सांगण्याची परंपराही जुनी आहे. १५७९ साली गोव्यात आलेले इंग्रज धर्मगुरू फादर थॉमस स्टीफन्स यांनी 'ख्रिस्तपुराण' रचलं. ते १६१६ साली गोव्यात राचोल इथे छापलं गेलं. ते ओवीत आहे. ज्ञानेश्वरीचा छंद, आणि त्यात येशूची कथा.

आणि पंडिता रमाबाईंचं नाव घेतल्याशिवाय मी हा विषय संपवू शकत नाही. १८५८ साली जन्मलेल्या, संस्कृतच्या पंडिता. विधवा आणि दुष्काळात सापडलेल्या मुलींसाठी त्यांनी पुणे जिल्ह्यातल्या केडगावला मुक्ती सदन उभं केलं. साध्या बायकांना वाचता येईल अशा मराठीत बायबल असावं, म्हणून त्या उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि मूळ भाषांवरून त्यांनी अख्ख्या बायबलचं भाषांतर केलं. १९२२ साली त्या वारल्या, अखेरपर्यंत त्याच कामात होत्या. १९२४ साली ते बायबल प्रसिद्ध झालं. ते मुक्तीच्याच छापखान्यात छापलं गेलं आणि अक्षरं जुळवण्यापासूनची कामं तिथल्या बायकांनी केली. समाजानं ज्यांच्या नावावर खरोखर फुली मारली होती, अशा त्या बायका. आपण डब्यावरचं एक लेबल छापून घेतो आणि कोणता शब्द टाकावा हे प्रेसवाल्यावर सोडतो. त्यांनी एकेक खिळा जुळवून हजारो शब्द छापले. हे वाचलं तेव्हा मला माझीच लाज वाटली.

तर हे सगळं घेऊन मी मावशींच्या घरी गेले. सोबत बुक ऑफ केल्सच्या त्या पानाची झेरॉक्स होती आणि फादरांनी ग्रीक अक्षरं काढून दिलेला कागद. मावशींनी चहा टाकला. मी आधी माफी मागितली. म्हटलं, शब्द बरोबर की चूक हे नंतर बघू, पण तुमच्या सणाचं नाव मी तुम्हाला न विचारता छापलं, ही माझी चूक. मग त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा लावून ते पान बराच वेळ पाहिलं. मांजरं पाहिली, उंदीर पाहिले आणि हसल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे वेदीवरच्या कापडावर जे आहे, तेच हे? मी इतकी वर्षं ते कापड धुते. मला वाटायचं नक्षी आहे."

मी म्हटलं, तेच हे.

थोडं थांबून त्या म्हणाल्या, "मग वाईट काही नाही त्यात. पण ताई, हे तुम्ही मला सांगितलं तेव्हा मला कळलं. डबा घेणाऱ्या प्रत्येकीला कोण सांगत बसणार?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मला ते शोधायचंही नव्हतं. त्या पुन्हा गटात आल्या. आम्ही सगळ्याजणी बसलो आणि लेबलं नव्यानं छापायची ठरवली. खर्च मी गटाच्या खात्यातून घेतला नाही, माझ्या मानधनातून दिला. नवीन लेबलावर मावशींनी सांगितलेला मजकूर होता, 'नाताळच्या हार्दिक शुभेच्छा'. प्रेसवाल्यानं लावून पाहिला आणि तो व्यवस्थित बसला. आधीच मराठीत छापलं असतं तर हे काहीच झालं नसतं. पण मग मलाही काहीच कळलं नसतं.

मैत्रिणींनो, एक्समस लिहा किंवा लिहू नका, असं सांगायला मी आज आलेली नाही. तो शब्द अपमानाचा नाही, इतकं तुम्ही खात्रीनं कुणालाही सांगू शकता. मोबाइलवर कुणी तो संदेश पाठवला तर त्यांना सांगा की ती फुली नाही, तो ख आहे. पण दुसऱ्याच्या देवाचं, सणाचं किंवा माणसाचं नाव आपल्या हातून छापलं जाणार असेल, तर आधी त्याला विचारा. आपण बरोबर असलो तरी विचारा. गट आपला असला तरी सण तिचा आहे.

आणि हो, त्या दिवसापासून मी हजेरीपटात फुली मारणं बंद केलं. जी आली नाही तिच्या नावापुढे 'ग' लिहिते, गैरहजरचा. मावशींच्या नावापुढची ती एक फुली मात्र तशीच आहे. शाईची आहे, पुसता येत नाही. परवा हजेरीपट चाळताना मावशींनी ती पाहिली आणि म्हणाल्या, "असू द्या ताई. आता मला वाचता येतं ते."

यंदाही नाताळाची ऑर्डर आली आहे, या वेळी अडीचशे डबे. मावशींनी नारळ आणून ठेवलेत, उद्यापासून सारणाला लागायचंय. तेव्हा आज इथेच थांबते. ऐकणाऱ्या सगळ्या बहिणींना नाताळच्या हार्दिक शुभेच्छा. नमस्कार.